इंग्लंडमधली पणजी लग्नानंतर गायब होते तेव्हा

लक्षणं आधी सांगते. यातली दोन जरी तुमच्या बाबतीत जुळत असतील तरी पुढचं वाचा.

१८५१च्या जनगणनेत मुलगी बापाच्या घरात दिसते, वय अकरा. १८६१मध्ये त्या घरात ती नाही आणि दुसरीकडेही कुठे नाही. किंवा याच्या उलट: १८७१मध्ये बाई नवऱ्याच्या घरात चार पोरांसह नांदते आहे, पण लग्नाआधी ती कुणाची कोण होती याचा पत्ता नाही. दर दहा वर्षांनी तिचं वय सात-आठ वर्षांनीच वाढतं. जन्मगाव दर वेळी वेगळं. एका पोराच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव एक, तर धाकट्याच्या दाखल्यावर भलतंच. लग्न सापडतं पण त्या नावाचा जन्म सापडत नाही, नाहीतर एकाच जिल्ह्यात एकाच वर्षी तसे सहा जन्म सापडतात. मृत्यू तर नाहीच. आणि इंटरनेटवर कुणीतरी तिची वंशावळ आधीच करून ठेवलेली असते. त्या वंशावळीत तिची जी आई दाखवलेली असते, ती तिच्या जन्माच्या वेळी नऊ वर्षांची असते.

मी लेस्टरला राहते, नवरा इंग्रज. सासूबाईंच्या आजीपासून, मेरीपासून, हा नाद लागला. मग ओळखीतल्या ज्या मराठी मुलींची लग्नं इकडे झाली, त्यांच्या मुलांच्या शाळेत ‘तुमच्या घराण्याचा तक्ता काढून आणा’ असं काम मिळालं की फोन मला येऊ लागले. पुरुष अर्ध्या तासात सापडतात. बाईपाशी गाडी अडते, आणि दर वेळी जवळजवळ एकाच जागी अडते, कारण आपण तिला आडनावाने शोधत असतो. तिच्या बाबतीत सगळ्यांत कमी टिकणारी गोष्ट तीच.

आपल्याला हे खरं तर लवकर कळायला हवं. आपल्याकडे तांदळात अंगठीने नवं नाव कोरून मुलीचं पाळण्यातलं नावही पुसायचे, आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आजोबा-पणजोबांच्या ओळीत बायका शोधायच्या म्हणजे डोळे शिणतात. इंग्लंडात निदान पहिलं नाव बाईबरोबर सासरी जातं. त्याला धरूनच चालायचं.

पुढच्या तपासण्या फुकटापासून महागाकडे अशा क्रमाने आहेत. क्रम मोडू नका. लोक पहिल्याच दिवशी डीएनए चाचणी मागवतात आणि आत्याबाईंच्या कपाटातलं बायबल उघडून बघत नाहीत.

घरातलं कपाट आणि मधलं नाव

कुटुंबाचं बायबल, अंत्यविधीची कार्डं, फोटोंच्या मागची अक्षरं, विम्याच्या पावत्या. विशेषतः मागच्या पिढीतल्या सगळ्या भावंडांची पूर्ण नावं लिहून काढा, फक्त आपल्या थेट पूर्वजाचं नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज घरांत आईचं माहेरचं आडनाव मुलाला मधलं नाव म्हणून देण्याची पद्धत बरीच होती. एखाद्या पोराचं मधलं नाव आडनावासारखं वाटलं तर ते बहुधा आडनावच असतं. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला कधीकधी बापाचं आडनाव असं मधल्या नावात चिकटवून दिलं जाई. दाखल्यावर बापाचा रकाना कोरा असला तरी आईने सांगायचं ते सांगितलेलं असतं.

घरच्या गोष्टी ऐका, पण त्यांवर विसंबू नका. ‘आपली पणजी आयरिश होती’, ‘मोठ्या घरातली होती, पळून आली’ हे मी इतक्या घरांत ऐकलंय की आता फक्त मान हलवते.

नाव तेच, रूप वेगळं

पॉली म्हणजे मेरी. मॉली म्हणजेही मेरी. नॅन्सी बहुतेकदा ॲन असते, सॅली म्हणजे सारा, पॅटी म्हणजे मार्था, पेगी म्हणजे मार्गारेट, फॅनी म्हणजे फ्रान्सिस. एलिझाबेथचे तर बेस, बेट्सी, बेट्टी, लिझी, एलायझा असे पाच अवतार पाठ असलेले बरे. नेल ही एलेन, हेलन किंवा एलिनॉर यांपैकी कुणीही असू शकते. मेरी ॲन कधी नुसती मेरी, कधी नुसती ॲन, कधी ‘मेरियन’. यमी म्हणजे यमुना आणि बगू म्हणजे भागीरथी हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इथे ते शिकावं लागतं इतकंच.

आडनावाचं स्पेलिंग हा दुसरा खड्डा. लिहिता न येणाऱ्या बाईने नाव सांगितलं आणि कारकुनाने कानाला पडलं तसं लिहिलं. मिडलँड्समधला आणि लंडनचा कष्टकरी माणूस शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गिळतो, म्हणून हॅरिसचं ॲरिस होतं, हेझचं एझ होतं. त्यावर शंभर-दीडशे वर्षांनी कुणी संगणकावर ते उतरवून घेताना आणखी चुकतो. शोधखिडकीत आडनावाची पहिली दोन-तीन अक्षरं आणि पुढे तारा (*) टाकून बघा. त्याहून चांगलं म्हणजे आडनावाचा रकाना कोराच ठेवा. पहिलं नाव, जन्मवर्ष दोन वर्षं मागेपुढे आणि जन्मगाव एवढ्यावर शोधा. गाव लहान असेल तर यादी वीस-पंचवीस नावांची येते, आणि वीस-पंचवीस नावं संध्याकाळभरात हातांनी तपासता येतात.

फॅमिलीसर्च ही साइट पूर्ण फुकट आहे. फ्रीबीएमडी (जन्म-लग्न-मृत्यूच्या सूच्या), फ्रीसेन (जनगणना) आणि फ्रीरेग (चर्चच्या वह्या) या तिन्ही स्वयंसेवकांनी उभ्या केलेल्या, त्याही फुकट. ॲन्सेस्ट्री आणि फाइंडमायपास्टला पैसे पडतात, पण इंग्लंडमधल्या पुष्कळ सार्वजनिक वाचनालयांत यांपैकी एखादी तिथल्या संगणकावर फुकट बघता येते. वर्गणी भरायच्या आधी वाचनालयात चौकशी करा.

जनगणनेची ओळ नको, घर वाचा

या तपासणीला पैसे पडत नाहीत, आणि माझ्या हातून सुटलेल्या गाठींपैकी निम्म्या इथेच सुटल्या. माणसांची नावं लिहिलेली जनगणना १८४१पासून मिळते, दर दहा वर्षांनी, १९२१पर्यंत. १९३१ची १९४२ साली आगीत जळाली आणि १९४१ची युद्धामुळे झालीच नाही.

१८४१ची वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या खालच्या पटीत लिहायचं अशी सूचना होती, म्हणजे एकोणतीस वर्षांची बाई कागदावर पंचवीसची. आणि नात्याचा रकानाच नव्हता. एका छपराखाली राहणारी तिशीतली बाई बायको आहे की बहीण, हे त्या कागदावरून सांगता येत नाही. लोक बिनदिक्कत बायको धरतात.

१८५१पासून नातं आणि जन्मगाव दोन्ही येतात. आता आपल्या बाईची ओळ सोडा आणि घरातली बाकीची माणसं बघा. नवऱ्याची सासू त्या घरात राहत असेल तर तुमचं काम झालं, कारण तिच्या आडनावातच माहेर लिहिलेलं आहे (ती स्वतः दुसऱ्यांदा लग्न केलेली नसेल तर). मेहुणा, मेहुणी, भाची, भाचा, अगदी ‘पाहुणी’ म्हणून नोंदलेली म्हातारी, या प्रत्येकाचं आडनाव टिपून ठेवा. शेजारची दोन-दोन घरंही वाचा. मुलीचं लग्न झाल्यावर आई-बाप तीन दारं सोडून राहताहेत हे फार वेळा दिसतं.

एक शब्द हमखास फसवतो. ‘डॉटर-इन-लॉ’ म्हणजे आज सून, पण तेव्हा सावत्र मुलीलाही हेच म्हणायचे. सात वर्षांची ‘सून’ दिसली तर बालविवाहाची कथा रचू नका. बहुधा बायकोच्या आधीच्या लग्नाची ती मुलगी आहे, आणि तिचं आडनाव म्हणजे बाईच्या पहिल्या नवऱ्याचं आडनाव. मोठीच चावी मिळाली.

बारा-तेरा वर्षांची मुलगी घरातून नाहीशी झाली की बहुधा ती कुणाकडे तरी कामाला आहे. व्हिक्टोरियन काळात कष्टकरी मुलींच्या कामांत घरकाम पहिलं. मग ती मालकाच्या घराच्या यादीत, अगदी तळाशी, ‘नोकर’ म्हणून सापडते आणि जन्मगाव मालकिणीने अंदाजाने सांगितलेलं असतं. आमच्या मेरीचं जन्मगाव एकदा शेपशेड, एकदा लफबरो आणि एकदा नुसतं लेस्टर आहे. तिन्ही एका अर्थी बरोबर. शेपशेड हे पायमोजे विणणाऱ्यांचं खेडं, लफबरो त्याच्या शेजारचं शहर आणि लेस्टर काउंटीचं मुख्य शहर. दूरच्या माणसाला आपण ‘ओतूर’ न सांगता ‘जुन्नर’ सांगतो, आणि फारच दूरच्याला ‘पुणे’, तसंच हे. म्हणून जन्मगावं जुळत नाहीत म्हणून बाई सोडून देण्याआधी नकाशा उघडा.

१९११ची जनगणना बायकांसाठी सोन्याची खाण. लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात, किती गेली, हे लग्न झालेल्या बाईबद्दल विचारलं होतं. विधवांनी उत्तर द्यायचं नव्हतं, तरी अनेकींनी ते भरलं आणि कारकुनाने त्यावर रेघ मारली; रेघेखालचं वाचता येतं. ‘जन्मली नऊ, हयात पाच’ असं दिसलं की तुम्हाला माहीत नसलेली चार बाळं शोधायची आहेत, आणि त्यांतल्या एखाद्याच्या दाखल्यावरच नेमकं माहेरचं आडनाव नीट लिहिलेलं असतं. आकडा वाचून थोडा वेळ काम थांबतं, तेही होऊ द्या.

अलीकडच्या बाईसाठी १९३९चं रजिस्टर बघा. युद्ध लागल्या लागल्या, २९ सप्टेंबरला, ओळखपत्रांसाठी ही नोंद केली आणि पुढे १९९१पर्यंत आरोग्यसेवेने तीच वही वापरली. त्यामुळे नंतर लग्न झालेल्या मुलींचं आडनाव खोडून वर नवं लिहिलेलं आहे. बाईचं आधीचं आणि नंतरचं नाव एकाच ओळीत देणारा असा कागद इंग्लंडमध्ये क्वचितच मिळतो. पूर्ण जन्मतारीखही त्यात आहे.

जन्ममृत्यूच्या सूच्या: दाखला न घेता काय कळतं

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ला सुरू झाली. (स्कॉटलंड १८५५, तिथले नियम वेगळे आणि बायकांच्या बाबतीत फार उदार, पणजी स्कॉटिश निघाली तर नशीबवान आहात.) नोंदींची सूची दर तिमाहीची असते आणि ती नोंद केल्याच्या तारखेवर असते. बाळाची नोंद करायला बेचाळीस दिवसांची मुदत, त्यामुळे नोव्हेंबरअखेर जन्मलेली मुलगी पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत सापडू शकते.

जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच येतं. पण जनरल रजिस्टर ऑफिसने, म्हणजे जीआरओने, स्वतःच्या साइटवर सूची नव्याने करताना ते पार १८३७पर्यंत मागे नेलं आहे. नाव नोंदवलं की ती फुकट बघता येते. आता उलटा शोध घ्या: नवऱ्याचं आडनाव, जिल्हा, आणि आईचं माहेर अमुक, अशी सगळी बाळं काढा. भावंडांची अख्खी ओळ समोर येते, त्यात जनगणनेच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये जन्मून गेलेलीही असतात. माहेरच्या रकान्यात नुसती आडवी रेघ असेल तर बहुतेक वेळा मूल लग्नाबाहेरचं असतं आणि त्याला आईचंच आडनाव मिळालेलं असतं.

जन्म सापडत नाही आणि बाई १८७५च्या आधीची आहे? मग तो कदाचित नोंदलेलाच नाही. १८७४च्या कायद्यापर्यंत बाळाची माहिती आपणहून नेऊन द्यायची जबाबदारी आई-बापांवर नव्हती, निबंधकाने फिरून गोळा करायची होती. काही बाळं सुटली. अशा वेळी बाप्तिस्म्याच्या नोंदीकडे वळा.

आता एक तपासणी, जी सगळे विसरतात आणि मीही विसरले होते. तुम्हाला सापडलेलं बाळ मोठं झालं का? आमच्या मेरीचा जन्म मला पहिल्याच दिवशी मिळाला होता. जिल्हा बरोबर, वर्ष बरोबर, बापाचं नाव बरोबर. तीन महिने त्या बापाच्या मागे लागून मी अठराव्या शतकापर्यंत जाऊन पोचले, तक्ता रंगवून सासूबाईंना भेट दिला. मग एका पावसाळी दुपारी सहज मृत्यूची सूची चाळली आणि ती मेरी दोन वर्षांची असतानाच गेलेली निघाली. तक्ता अजून त्यांच्या जिन्यात लावलेला आहे. त्या म्हणाल्या, असू दे, छान दिसतोय. जीआरओच्या नव्या सूचीत मृत्यूच्या वेळचं वय सुरुवातीपासून दिलेलं आहे, जुन्या सूचीत ते १८६६पासून येतं. पाच मिनिटं लागतात. त्याच जोडप्याला पुढे त्याच नावाची दुसरी मुलगी झाली का हेही बघा. गेलेल्या बाळाचं नाव पुढच्या बाळाला देणं ही तिकडची रीतच होती.

पहिला खर्च: कोणता दाखला घ्यायचा

इथून पैसे लागतात. बहुतेकजण बाईचा जन्मदाखला मागवतात. तो सगळ्यांत शेवटी घ्या, कारण तो चुकीच्या मुलीचा असण्याचा संभव सर्वांत जास्त. आधी तिच्या पोराचा घ्या, ज्याच्याबद्दल शंका नाही अशा पोराचा. जुन्या जन्मांची आणि मृत्यूंची डिजिटल प्रत जीआरओकडे कागदी दाखल्यापेक्षा बरीच स्वस्त पडते.

त्या दाखल्यावर आईच्या रकान्यात दोन छोटे शब्द शोधा. ‘फॉर्मर्ली’च्या पुढे येतं ते माहेरचं आडनाव. ‘लेट’च्या पुढे येतं ते आधीच्या नवऱ्याचं. ‘मेरी स्मिथ, लेट जोन्स, फॉर्मर्ली ब्राउन’ याचा अर्थ ती ब्राउन जन्मली, जोन्सशी लग्न केलं, मग स्मिथशी. इथे ‘लेट’ म्हणजे ‘कैलासवासी’ असं समजून एका घरात बाईलाच मेलेली धरलं होतं. दोन भावंडांच्या दाखल्यांवर दोन वेगळी माहेरं दिसतात त्याचं कारणही बहुधा हेच: एका वेळी कारकुनाने ‘लेट’ धरलं, दुसऱ्या वेळी ‘फॉर्मर्ली’. म्हणून एक दाखला कोड्यात टाकत असेल तर बाईला दोष न देता दुसऱ्या पोराचा घ्या.

माहेरचं आडनाव हातात आलं की लग्न. चर्चमधलं लग्न असेल तर दाखला विकत घ्यायच्या आधी त्या पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या गाव-वस्तीच्या) नोंदवहीची छायाचित्रं एखाद्या साइटवर आहेत का बघा. मजकूर तोच असतो, शिवाय खऱ्या सह्या दिसतात. जीआरओकडची प्रत ही नक्कल. सही आहे की फुलीची खूण, हे बघण्यातही एक वेगळीच गंमत आहे. फ्रीबीएमडीवर लग्नाच्या ओळीतल्या पान क्रमांकावर टिचकी मारली की त्या पानावरची सगळी नावं येतात. १९१२च्या आधी सूचीत जोडीदाराचं नाव नसायचं, त्यामुळे नवरा कोण हे ठरवायला हाच मार्ग.

लग्नाच्या नोंदीत वधूच्या नावाशेजारचा ‘स्थिती’चा रकाना आधी वाचा. तिथे ‘विडो’ असेल तर समोरचं आडनाव पहिल्या नवऱ्याचं, माहेरचं नव्हे. त्या आडनावाचा जन्म आयुष्यभर शोधलात तरी मिळणार नाही. बापाच्या रकान्यात मात्र तिच्या बापाचं खरं आडनाव असतं, ते घ्या. बापाचा रकाना कोरा असेल तर ती लग्नाबाहेर जन्मलेली असू शकते. भरलेला असेल तरी डोळे झाकून मानू नका. लाजेपोटी आजोबाला किंवा कल्पनेतल्या माणसाला बाप म्हणून लिहिलेलं मी पाहिलं आहे. वयाच्या जागी ‘फुल एज’ म्हणजे एकवीस किंवा जास्त, इतकंच. आईचं नाव शोधू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्नाच्या नोंदीत आईचं नाव ४ मे २०२१पासून येऊ लागलं. हो, दोन हजार एकवीस.

आणि साक्षीदार. बहीण, बहिणीचा नवरा, भाऊ. साक्षीदाराचं आडनाव वधूच्या माहेराशी जुळलं तर सहा मेरींमधली आपली कोण ते ठरतं.

लग्नच सापडत नाही

पहिलं मूल जन्मल्यानंतरची दहा-पंधरा वर्षं शोधा, आधीची नुसती नव्हे. तिच्या गावी शोधा, कारण लग्न बऱ्याचदा वधूच्या पॅरिशमध्ये व्हायचं. तरीही नसेल तर झालंच नसावं.

याला कारण होतं. १८५७च्या कायद्याने घटस्फोट दिवाणी न्यायालयात आला, पण ते न्यायालय लंडनला, खर्च विणकराच्या आवाक्याबाहेरचा, आणि बाईला नवऱ्याचा व्यभिचार सिद्ध करून भागत नसे, त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा टाकून देणं असं आणखी काही दाखवावं लागे. ही अट १९२३पर्यंत होती. मेलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न तर १९०७पर्यंत बेकायदाच. मग लोक सरळ एकत्र राहायचे, बाई त्याचं आडनाव लावायची आणि जनगणनेच्या माणसाला ‘बायको’ म्हणून सांगायची. नवरा सात वर्षं बेपत्ता असला की दुसरं लग्न करता येतं अशीही समजूत होती. फौजदारी गुन्ह्यातून अशी माणसं सुटत, पण पहिला नवरा जिवंत असेल तर ते लग्न काही कायदेशीर होत नसे.

साध्या बाईची नावं किती बदलू शकतात याचं ठळक उदाहरण म्हणजे कॅथरिन एडोज. जन्म १८४२, वुल्वरहॅम्प्टनचा. थॉमस कॉनवेबरोबर राहिली तेव्हा केट कॉनवे. पुढे लंडनमध्ये जॉन केलीबरोबर राहिली तेव्हा केट केली. १८८८च्या सप्टेंबरात बूट गहाण टाकल्याची पावती ‘जेन केली’ नावावर, आणि २९ तारखेच्या रात्री बिशप्सगेट पोलीस चौकीत तिने सांगितलेलं नाव ‘मेरी ॲन केली’. त्यानंतर तासाभरातच तिचा खून झाला, म्हणून हे सगळं चौकशीत लिहिलं गेलं. तुमच्या पणजीच्या बाबतीत असं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण तीही अशीच चार नावांनी वावरली असू शकते.

१८३७च्या मागे

इथे पॅरिशच्या वह्या. १५३८पासून सुरू, पण सगळीकडे टिकलेल्या नाहीत. बहुतेक ठिकाणी बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं फक्त पहिलं नाव असतं. अपवाद यॉर्कच्या धर्मप्रांताचा: विल्यम डेड नावाच्या पाद्र्याच्या पद्धतीने १७७७पासून तिथल्या काही चर्चांनी आईच्या बापाचं नाव, गाव, धंदा इतकं लिहिलं. १८१३ला छापील नमुने आले आणि ही चैन संपली.

वही हरवली असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेली नक्कल मागा. कुटुंब मेथडिस्ट किंवा बॅप्टिस्ट असेल तर त्यांच्या वह्या वेगळ्या. १७५४पासून लग्नाच्या वहीत साक्षीदारांच्या सह्या येतात. त्याच्या मागे फार कमी हाती लागतं.

या काळातल्या गरीब बाईबद्दल सर्वांत जास्त मजकूर गरिबांच्या मदतीच्या कागदांत असतो. ही बाई आमच्या पॅरिशवर ओझं होणार का, हे ठरवायला तिची तपासणी व्हायची. लग्न झालं की तिचं हक्काचं पॅरिश नवऱ्याचं, मग ते तिने जन्मात पाहिलेलं नसलं तरी. अविवाहित गरोदर बाईला बापाचं नाव विचारलं जाई, कारण पोराचा खर्च त्याच्याकडून वसूल करायचा असे. हे कागद काउंटीच्या अभिलेखागारात असतात आणि बरेचसे इंटरनेटवर नाहीत.

मृत्युपत्रं विसरू नका, पण तिचं शोधू नका. १८८२चा कायदा लागू होईपर्यंत लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नव्हतं. तिच्या बापाचं, भावाचं, बिनलग्नाच्या आत्याचं बघा. ‘माझी मुलगी मेरी, अमक्याची बायको, हिला पाच पौंड’ या एका ओळीने माझं एक वर्षाचं अडलेलं काम सुटलं होतं.

बाई सैनिकाची किंवा रेल्वेवाल्याची बायको असेल आणि इंग्लंडमध्ये मध्येच नाहीशी होत असेल तर आपल्याकडे बघा. पुणे, खडकी, देवळाली, भुसावळ इथल्या चर्चांतल्या बाप्तिस्म्या-लग्नांच्या नकला लंडनला जायच्या. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांत एन/३ ही मालिका मुंबई इलाख्याची. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात राहिलेल्या कुटुंबांवर काम करणाऱ्या फिबिस या संस्थेची सूची फुकट चाळता येते. आपल्याकडच्या इंग्रज छावण्यांत विधवांची लग्नं फार लवकर व्हायची, कधी काही आठवड्यांतच. त्यामुळे ‘विडो’चा नियम इथे दुप्पट लागू.

कुठे थांबायचं

तीन दाखले विकत घेऊनही उमेदवार मेरी दोनाच्या खाली येत नसतील तर चौथा घेऊ नका.

कागद १७३३च्या आधीच्या न्यायालयाचे असतील तर ते लॅटिनमध्ये आहेत, आणि सोळाव्या-सतराव्या शतकातलं अक्षर शिकल्याशिवाय वाचता येत नाही. अंदाजाने वाचलेलं नाव पुढे पाच पिढ्या चुकवतं. इथे जाणकाराला पैसे द्या.

दत्तक आलं की थांबा. कायदेशीर दत्तक इंग्लंडमध्ये १९२७पासून; त्याआधीचं घरगुती, कागद नसलेलं. त्यानंतरचं असेल तर त्यात जिवंत माणसं गुंतलेली असू शकतात, आणि परस्पर फोन करणं हे आपलं काम नव्हे. त्यासाठी मान्यताप्राप्त मध्यस्थ संस्था आहेत. डीएनए चाचणीत अनपेक्षित जवळचा नातेवाईक निघाला तरी हेच.

वंशावळ व्हिसासाठी किंवा मालमत्तेसाठी हवी असेल तर सुरुवातीपासूनच वकील. माझ्यासारखीने काढलेला तक्ता तिथे चालत नाही.

व्यावसायिक संशोधक आग्रा या संघटनेच्या यादीत मिळतात. नाव वाचून ताजमहालाकडे जाऊ नका, इंग्रजी आद्याक्षरांचा तो योगायोग आहे. अनेक काउंटी अभिलेखागारंही तासाच्या दराने शोध घेऊन देतात. पैसे तासांचे असतात, उत्तराचे नाहीत, हे आधी समजून घ्या आणि पहिल्या वेळी दोन-तीन तासांपुरतंच काम द्या. सोबत एक कागद पाठवा: नक्की माहीत असलेल्या गोष्टी, प्रत्येकीपुढे ती कुठून कळली ते, आणि खाली कोणत्या वह्या, कोणती वर्षं, कोणत्या स्पेलिंगने शोधून काही मिळालं नाही त्याची यादी. ही शेवटची यादी कुणी देत नाही. मग पहिले दोन तास तुम्ही आधीच चाळलेल्या वह्या पुन्हा चाळण्यात जातात, तुमच्या पैशाने.